ते तीन ‘खराब’ चिरे

वाचकाचं पत्र

ताई, मी लांजा तालुक्यातली. यंदा सिव्हिलची बी.ई. झाले, सीजीपीए ७.९. मला जिओटेक्निकलमध्ये, म्हणजे माती-दगडाच्या अभियांत्रिकीत, मास्टर्स करायचंय. जमलं तर जर्मनीत, नाहीतर आयआयटीत. गेटला, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेला, एकदा बसले, स्कोअर ४३० आला. अडचण अशी की संशोधन म्हणावं असं माझ्याकडे काहीच नाही. ना पेपर, ना इंटर्नशिप. आमचं कॉलेज छोटं, लॅब साधी. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्टही साधाच. चौघींनी मिळून जांभ्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या तांबड्या दगडाच्या, बांधकामाला वापरतात त्या अठरा चिऱ्यांची ताकद तपासली, त्यातले तीन खराब निघाले ते सोडून बाकीच्यांची सरासरी काढली. पुण्यातल्या मैत्रिणीच्या सीव्हीवर दोन पेपर आहेत. एकाने सांगितलंय की सहा हजारांत आठवडाभरात पेपर छापून मिळतो. छापू का? शिफारसपत्राचं विचारलं तर सर म्हणतात, तूच लिहून आण, मी सही करतो. बाबांची कलमं आहेत, यंदा आंबा बेताचाच झाला. एक वर्ष घरी बसून तयारी करते, असं म्हणायला जीभ रेटत नाही. अर्ज करावा की नाद सोडावा?

उत्तर

तुझ्या पत्रातलं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. ‘त्यातले तीन खराब निघाले ते सोडून.’ त्या तीन चिऱ्यांबद्दल मला तुझ्याशी पोटभर बोलायचंय. पण ज्या दोन प्रश्नांची उत्तरं एका शब्दात देता येतात ती आधी देते. अर्ज करावा का? कर. पेपर छापू का? नको.

पेपरचं संपवूनच टाकते. खऱ्या नियतकालिकात लेख पाठवला की तो त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे जातो. ते शंका काढतात, परत पाठवतात, तू दुरुस्त करून पाठवतेस, पुन्हा एखादी शंका येते. यात सहा महिने सहज जातात, कधी वर्षही. आठवडाभरात जो छापून येतो तो पेपर कुणीही वाचलेला नसतो, छापणाऱ्यानेसुद्धा. प्रवेश समितीत बसणारी माणसं स्वतः पेपर लिहिणारी आणि तपासणारी असतात, नियतकालिकाचं नाव पाहूनच त्यांना कळतं. सहा हजार गेले तर एकवेळ भरून येतील. पण तो पेपर तुझ्या नावाला कायमचा चिकटेल, आणि पाच वर्षांनी तू खरोखर चांगलं काम केलंस तरी तुझं नाव शोधणाऱ्याला आधी तो सापडेल. मैत्रिणीचे दोन पेपर कसे आहेत ते मला माहीत नाही, चांगलेही असतील. तुझा अर्ज मात्र तिच्या सीव्हीशी तुलना करून ठरत नाही.

आता ‘संशोधन नाही’ ही भीती. मास्टर्सला जायच्या वाटा वेगवेगळ्या आहेत आणि प्रत्येक वाटेवर वेगळं काही विचारतात. तू पीएच.डी.ला लावतात ते माप मास्टर्सला लावून स्वतःला घाबरवते आहेस.

आयआयटीचं नेहमीचं दोन वर्षांचं एम.टेक. बहुतेक सगळं गेटच्या स्कोअरवर चालतं. तिथे तुझा पेपर कुणी मागत नाही. गेटच्या हिशेबात पात्रतेची रेषा ३५० ला असते आणि अगदी वरच्या मुलांचे गुण ९०० च्या आसपास बसवतात. म्हणजे ४३० ला तू रेषेच्या वर आहेस, पण फार वर नाहीस. जुन्या आयआयटीत जिओटेक्निकलला एवढ्यावर आशा धरू नकोस. हा स्कोअर तीन वर्षं चालतो, तेव्हा तो हाताशी ठेव आणि येत्या फेब्रुवारीत पुन्हा बस. फॉर्म ऑगस्ट-सप्टेंबरात निघतात. आपल्याकडे त्या दिवसांत गणपती सोडून कुणाला काही सुचत नाही, म्हणून आत्ताच भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेव. आयआयटींच्या जागांसाठी सीओएपी आणि एनआयटींसाठी सीसीएमटी या प्रवेशाच्या पोर्टलांवर अशी दोन वेगळी नोंदणी लागते. दरवर्षी हुशार मुलं यातली एक विसरतात. आणि बाबांना हे सांग की गेटवर पूर्ण वेळ एम.टेक.ला लागलीस तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. हा आकडा पुष्कळ घरांत माहीतच नसतो.

दुसरी वाट संशोधनाच्या मास्टर्सची. मद्रास, दिल्लीसारख्या आयआयटींत एम.एस. आहे, बंगळुरूच्या आयआयएससीत एम.टेक. रिसर्च आहे. इथे मुलाखतीला खूप वजन असतं आणि संशोधनाची चौकशी खरोखर होते. पण ती कशी होते ते पुढे सांगते, कारण तिथेच तुझे तीन चिरे कामाला येणार आहेत.

जर्मनीत आधी तुझे विषय बघतात. गणित किती, यंत्रशास्त्र किती, मृदायांत्रिकी किती, हे त्यांच्या क्रेडिटमध्ये मोजून आपल्या अभ्यासक्रमाशी जुळतं का ते पाहतात. त्यासाठी तुझ्या विद्यापीठाचा सविस्तर अभ्यासक्रम, प्रत्येक विषयाच्या तासांसह, लागतो. तो मिळवायला वेळ जातो, आजच अर्ज टाक. मग गुण. तुझे गुण त्यांच्या मापात बदलायचं एक सूत्र आहे. कमाल गुणांतून तुझे गुण वजा कर, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भाग, तिनाने गुणाकार कर आणि एक मिळव. कमाल १० आणि उत्तीर्णची पातळी ४ धरली तर तुझे ७.९ म्हणजे साधारण २.०५. तिथे १ सर्वांत चांगला आणि ४ काठावर पास. अनेक अभ्यासक्रम २.५ पर्यंतच्यांना विचारात घेतात. म्हणजे तू बाहेर नाहीस, चांगली आत आहेस. अमेरिकेचं तू विचारलं नाहीस म्हणून खोलात जात नाही, फक्त एवढंच की तिथेही प्रबंध असलेला आणि नसलेला असे दोन प्रकार असतात आणि दुसऱ्यासाठी संशोधनाचा आग्रह फारसा नसतो.

आता माझी एक गोष्ट ऐक.

मीही याच किनाऱ्यावरच्या एका कॉलेजात शिकले. माझा प्रोजेक्ट खाडीच्या वाळूचा होता. धुतलेली आणि न धुतलेली वाळू वापरून काँक्रीटचे ठोकळे करायचे, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे, मग मशीनखाली फोडायचे. संशोधनाच्या मास्टर्ससाठी मुलाखतीला गेले तेव्हा जूनचा पाऊस होता, फाइल दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून नेली होती. समोरच्या मॅडमनी आलेख काढला, पेनाच्या टोकाने बिंदू मोजले आणि विचारलं, ‘तक्त्यात नऊ ठोकळे आहेत. इथे सात बिंदू आहेत. दोन कुठे गेले?’

मी म्हटलं, ‘ते चुकीचे आले होते.’

‘चुकीचे म्हणजे?’

मला पुढे बोलता येईना. खरं उत्तर हे होतं की ते आमच्या रेषेवर बसत नव्हते, म्हणून आम्ही ते काढून टाकले. का बसत नव्हते हे आम्ही कधी स्वतःलाही विचारलं नव्हतं. माझी निवड झाली नाही.

घरी आल्यावर दोन दिवस रडले आणि तिसऱ्या दिवशी कॉलेजच्या लॅबमध्ये गेले. तिथली लॅब सांभाळणाऱ्या मामांना मी त्या दोन ठोकळ्यांचे नंबर सांगितले. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, ‘अगो, शिमग्याच्या सुट्टीत टाकी गळून पाणी खाली गेलं होतं ना, वरच्या रांगेतले उघडे पडले होते.’ एवढंच होतं. काँक्रीटला पाणी मिळायचं थांबलं, ते नीट पिकलंच नाही, आणि म्हणून ताकद कमी आली. वाळूचा त्यात काही संबंध नव्हता. पुढच्या चार महिन्यांत मी मुद्दाम काही ठोकळे आठवडाभर कोरडे ठेवले, काही पूर्ण भिजवले, आणि फरक मोजला. पुढच्या वर्षी दुसऱ्या संस्थेत मुलाखत झाली तेव्हा मी नऊच्या नऊ बिंदू दाखवले आणि टाकीची गोष्ट सांगितली. मुलाखतीचा जवळजवळ सगळा वेळ त्या टाकीवरच गेला. मला प्रवेश मिळाला. नंतर बरीच वर्षं मी टेबलाच्या पलीकडे बसले आहे आणि मीही बिंदू मोजत आले आहे.

म्हणून तुझे चिरे.

अठरात तीन म्हणजे सहात एक. सरासरी चांगली दिसावी म्हणून तुम्ही सहाव्या हिश्श्याचा दगड कागदावरून नाहीसा केलात. पण भिंतीतून तो नाहीसा होत नाही. तुझं घर चिऱ्याचं असेल, माझं आहे. गवंडी चिरे रचताना त्यातला प्रत्येक सहावा मशीनखाली फोडून बघत नाही. अठरा हा आकडा लहान आहे, त्यावरून जिल्ह्यातल्या दगडाबद्दल काही ठरवता येणार नाही हे खरं. पण प्रश्न विचारायला तो भरपूर आहे. तू स्वतःच्या पत्रात हा प्रश्न लिहिलास आणि त्याच पत्रात म्हणालीस की माझ्याकडे संशोधन नाही.

मला सांग, हे चिरे कुठून आणले होते? एकाच खाणीतून की दोन-तीन? खाणीवर कधी उभी राहिली आहेस का? वरचा कडक कातळ काढला की चांगला चिरा लागतो, आणि जसजसं खाली जावं तसतसा तो मऊ होत जाऊन शेवटी पांढुरकी-पिवळी चिकण माती लागते. कोणत्या थराचा चिरा कसा, हे खाणीवरच्या कामगाराला तुझ्या-माझ्याहून जास्त कळतं. तुमचे ते तीन खालच्या थरातले होते का?

कापून किती दिवस झाले होते? या दगडाला लॅटराइट हे नाव फ्रान्सिस बुकाननने १८०७ साली मलबारातला दगड पाहून दिलं, विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून. जमिनीतून काढताना मऊ, हत्याराने सहज कापता येतो आणि हवेला लागला की कडक होतो, हे त्यानेही लिहून ठेवलं. आपला गवंडी आजही तेच सांगतो. पण किती दिवसांनी कडक होतो आणि किती? तुमच्या अठरांतले काही ताजे आणि काही कुणाच्या अंगणात वर्षभर पडलेले असतील, तर तुम्ही दोन वेगळे दगड एकाच सरासरीत घातलेत.

मशीनमध्ये ठेवताना वरची आणि खालची बाजू सपाट केली होती का? चिऱ्याच्या अंगावर भोकं असतात, कडा उंचसखल असतात. सिमेंटचा किंवा प्लास्टरचा पातळ थर देऊन पृष्ठभाग एकसारखा केला नाही तर मशीनची प्लेट फक्त उंचवट्यांवर टेकते. सगळा भार तेवढ्याच जागेवर येतो आणि चिरा त्याच्या खऱ्या ताकदीच्या आधीच फुटतो. तसं झालं असेल तर तो दगडाचा दोष नाही, तुमच्या ठेवण्याचा आहे. फुटला कसा ते आठव. नुसता कोपरा उडाला की मधून उभी भेग गेली? फुटलेल्या तोंडावर पोकळ्यांत माती भरलेली दिसली का? कुणी मोबाइलवर फोटो काढले असतील, तुमच्या चौघींच्या ग्रुपमध्ये शोध.

आणि ओले होते की सुके? आपल्याकडे जूनपासून भिंत भिजते ती दसऱ्यापर्यंत धड वाळत नाही. सुक्या चिऱ्याची ताकद कागदावर कितीही चांगली असली तरी घर चार महिने ओल्या चिऱ्यावर उभं असतं.

यातला एकही प्रश्न सोडवायला मोठी लॅब लागत नाही. वजनकाटा, पट्टी, भट्टी, पाण्याची टाकी आणि तुमच्या कॉलेजात असलेलं दाब देणारं मशीन एवढं पुरे. जांभ्याच्या चिऱ्यांसाठी आयएस ३६२० हे भारतीय मानक आहे आणि भारतीय मानक ब्युरोच्या पोर्टलवरून ते फुकट उतरवून घेता येतं. तुमच्या प्रोजेक्टच्या अहवालात त्याचा उल्लेख आहे का ते बघ. नसेल तर ते आधी वाच, आणि तुमची चाचणी त्यात दिलेल्या पद्धतीपासून कुठे कुठे वेगळी झाली याची यादी कर. ती यादी लिहितानाच निम्मं कोडं सुटेल.

मग पुढच्या चार महिन्यांत तीस-चाळीस चिरे घे. दोन खाणींतले, कोणत्या थरातला कोणता हे रंगाने लिहून ठेवलेले. पावसात खाणी बंद असतात, पण गावात कुणाच्या तरी कंपाउंडला लागून चिऱ्यांची चळत असतेच, सुरुवात तिथून कर आणि खाणी सुरू झाल्या की थरवार आण. निम्मे सुके फोड, निम्मे भिजवून. प्रत्येकाचं आधी वजन, मापं, पाणी शोषण्याचं प्रमाण आणि दोन फोटो. एकही चिरा वगळू नकोस. वगळावासा वाटला तर का ते त्याच दिवशी वहीत लिही. कॉलेजला मशीन वापरू देण्याची विनंती लेखी दे, सोबत सरांचं नाव घाल. माजी विद्यार्थिनीला सहसा नाही म्हणत नाहीत.

या सगळ्याचा बारा-पंधरा पानांचा अहवाल कर. साध्या इंग्रजीत, तक्त्यांत सगळे आकडे, शेवटी काय कळलं आणि काय कळलं नाही. तो कुठे छापून आला नाही तरी चालेल. अर्जात त्याची लिंक देता येते, मुलाखतीत पुढे ठेवता येतो. काम खरंच चांगलं झालं तर इंडियन जिओटेक्निकल सोसायटीची दरवर्षी परिषद होते, तिच्या मुंबई आणि पुण्यातही शाखा आहेत. तिथे पाठव. तिथे जाणकार वाचतात आणि शंका काढतात, आणि तुला हवा होता तो पेपर कदाचित तिथूनच निघेल.

आता उद्देशपत्र, ज्याला सगळे एसओपी म्हणतात. ‘लहानपणापासून मला बांधकामाची आवड होती’ हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की पुढचा परिच्छेद वाचायला मन होत नाही. तू सरळ चिऱ्यांपासून सुरुवात कर. आम्ही अठरा चिरे तपासले, तीन चिरे बाकीच्यांच्या मानाने फार लवकर फुटले, तेव्हा आम्ही ते वगळले, पदवीनंतर मी तो निर्णय तपासायचं ठरवलं आणि मला असं असं आढळलं. चार-पाच वाक्यांत एवढं. त्यानंतर जिओटेक्निकलच का. त्याचं उत्तर तुझ्या पत्रात नाही, पण तुझ्या आजूबाजूला आहे. कोकण रेल्वे दर पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक लावून गाड्या सावकाश चालवते, त्यामागे कटिंगमधली भिजून सुटणारी माती आणि दगड आहेत. पाण्याने मऊ होणारा दगड तू हातात धरलेला आहेस. ह्या दोन गोष्टींतला दुवा तुझ्या शब्दांत लिही, एक पान पुरे. आणि ‘आम्ही’ व ‘मी’ हे दोन शब्द जपून वापर. प्रोजेक्ट चौघींचा होता. मशीनवर कोण उभी होती, वही कुणी लिहिली, हिशेब कुणी केला, ते खरं खरं लिही. मुलाखतीत पहिला खोदून विचारलेला प्रश्न बहुतेक हाच असतो.

शिफारसपत्राचं तुझ्या सरांचं उत्तर तू गैर मानू नकोस. त्यांच्याकडे साठ मुलं आहेत आणि वेळ नाही. पण तूच तीन पत्रं लिहिलीस तर तिन्ही एकाच आवाजात बोलतील आणि वाचणाऱ्याला ते लगेच ऐकू येईल. शिवाय आता बहुतेक विद्यापीठं शिक्षकाच्या अधिकृत ईमेलवर लिंक पाठवतात, सही केलेला कागद घेत नाहीत. म्हणून सरांकडे पत्र घेऊन जाऊ नकोस, एक पानभर मुद्दे घेऊन जा. कोणत्या विषयात किती गुण, प्रोजेक्टमध्ये तुझा वाटा काय, आणि त्यांच्या समोर घडलेला एखादा प्रसंग. ‘सर, त्या दिवशी मशीनचा काटा अडकला होता आणि आपण दोघांनी पुन्हा शून्यावर आणला’ असं काहीतरी. असं एक खरं वाक्य त्यांच्या पत्रात आलं की बाकी पत्र साधं असलं तरी चालतं. विभागप्रमुखांच्या मोठ्या सहीपेक्षा तुला लॅबमध्ये पाहिलेल्या कनिष्ठ शिक्षकाचं पत्र मी जास्त मन लावून वाचते. गणपतीआधी विचार, म्हणजे त्यांना पुरेसे महिने मिळतील.

राहिला वर्षाचा आणि पैशांचा प्रश्न. घरी बसायचं नाहीच आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या कामावर आणि इतरही बांधकामांवर माती-खडी तपासणाऱ्या लॅब असतात, तिथे सिव्हिलच्या नव्या मुलामुलींना कामाला घेतात. पगार थोडा असतो, पण बोअरहोलची नोंद कशी लिहितात, मुरूम दाबून किती घट्ट झाला ते कसं मोजतात, हे तू सहा महिन्यांत जेवढं शिकशील तेवढं चार वर्षांत शिकली नसशील. बाबांना ‘नोकरी करते आणि गेटही देते’ असं सांगता येईल. आयआयटी-एनआयटींच्या वेबसाइटवर प्रोजेक्ट असिस्टंटच्या जाहिराती येतात, त्याही बघत राहा. ती जागा मिळाली तर तुझी ‘संशोधन नाही’ ही तक्रारच मिटली. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर मृदायांत्रिकीचा एखादा बारा आठवड्यांचा कोर्स कर. शिकणं फुकट आहे, प्रमाणपत्राच्या परीक्षेला हजार रुपये. एकच कर, पण नीट कर. दहा प्रमाणपत्रांची माळ कुणी वाचत नाही.

जर्मनीचा हिशेब मात्र उघड्या डोळ्यांनी कर. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस, म्हणजे शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याचं प्रमाणपत्र लागतं, त्याची फी १८,००० रुपये. राहण्याच्या खर्चासाठी ‘ब्लॉक्ड’ खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरून दाखवावे लागतात. ती रक्कम तुझीच असते, दरमहा परत मिळते, पण आधी उभी करावी लागते. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे सगळीकडे खरं राहिलेलं नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना दर सहामाहीला १,५०० युरो फी आहे आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून त्याहून बरीच जास्त सुरू केली. तेव्हा जुने व्हिडिओ पाहून आकडे मांडू नकोस, त्या त्या विद्यापीठाचं चालू पान उघड. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देतं आणि राज्य सरकारच्याही वेगवेगळ्या प्रवर्गांसाठी परदेशी शिष्यवृत्त्या आहेत. तुझ्या प्रवर्गाला कोणती लागू होते ते जाहिरात निघाली की लगेच बघ. डाड या जर्मन शिष्यवृत्ती संस्थेच्या विकासविषयक अभ्यासक्रमांच्या शिष्यवृत्तीला साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागतात. म्हणजे महामार्गाच्या लॅबमधली नोकरी तिथेही जमेला धरली जाईल. माझं मत विचारशील तर पहिल्या वर्षी जर्मनीच्या चार-पाच निवडक जागा, संशोधनाच्या मास्टर्सचे दोन-तीन अर्ज आणि गेट, एवढं पुरे. वीस ठिकाणी तोच अर्ज टाकण्याला पैसे जातात आणि प्रत्येक अर्ज पातळ होतो.

आणि एक काम या आठवड्यातच. कॉलेजच्या लॅबच्या मागे फोडलेल्या ठोकळ्यांचा ढीग असतो, तुमच्याकडेही असेल. पाऊस उघडला की कुणीतरी ट्रॅक्टर लावून तो भरावाला घेऊन जातं. त्याआधी जा. तुमच्या चिऱ्यांवर नंबर घातले होतेत ना? त्या तिघांचे तुकडे शोध, लॅबमधल्या मामांना सोबत घे, त्यांना आठवत असेल. सापडले तर आधी आहेत तसेच ओले वजन कर, फुटलेल्या तोंडाचे फोटो काढ, आणि मग वाळायला ठेव. काय दिसलं ते मला लिही.